आत्याचा आवाज आणि जुन्या बाजारातले स्पीकर

ही गोष्ट खोटी म्हणणाऱ्याने खुशाल म्हणावं. मी वाद घालणार नाही. ज्या घरात हे घडलं तिथे मी दर दिवाळीला फराळ केलाय आणि ज्यांच्या बाबतीत घडलं ती माझी सख्खी माणसं आहेत.

घर सहकारनगरमधलं, तिसऱ्या मजल्यावरचं. तिथे माझा आतेभाऊ सौमित्र, त्याची आई म्हणजे माझी मंदाकिनीआत्या आणि वडील श्यामकाका. गेल्या वर्षीचा मार्च. वेळ मात्र रात्रीची नाही... रविवारच्या दुपारची. पुण्यात ज्या वेळी कुणाची बेल वाजवणं म्हणजे वैर घेणं असतं, ती.

सौमित्र हिंजवडीत नोकरी करतो, पण जीव सगळा स्पीकर बनवण्यात. विकतचं होम थिएटर म्हटलं की नाक मुरडणार. या खेपेला मात्र ती हौस नव्हती. श्यामकाकांना ऐकू येईनासं झालं होतं. कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं म्हणून त्यांनी ते ड्रॉवरमध्ये टाकून दिलेलं. टीव्हीसमोर नुसते बसून राहायचे. आत्या ओरडून ओरडून दमली आणि तिने त्यांच्याशी बोलणंच सोडलं. जन्मभर एकमेकांना टोमणे मारत सुखाने जगलेली माणसं गप्प बसली होती. सौमित्रला ते बघवत नव्हतं.

"बाबांना माणसाचं बोलणं कळलं पाहिजे," तो मला म्हणाला. "बाकी धडामधुडुम गेलं खड्ड्यात."

म्हणून त्याने फुल-रेंज स्पीकर घ्यायचं ठरवलं. नेहमीच्या स्पीकरमध्ये जाड आवाजाला एक कोन, म्हणजे थरथरून आवाज काढणारा पडदा असतो, बारीक आवाजाला दुसरा. फुल-रेंजमध्ये सगळा आवाज एकाच कोनातून येतो, बोलणाऱ्याचे तुकडे होत नाहीत.

त्याने तीन जोड्या जमवल्या. एक ॲल्युमिनियमची, एक नवी कागदी आणि एक जुन्या बाजारातून उचललेली. तिचा कागद पिवळा पडला होता आणि मागे कंपनीचं नावसुद्धा नव्हतं.

स्पीकर पारखायचा तर ओळखीच्या आवाजावर. सौमित्रने आत्याला पेपर वाचायला बसवलं आणि आपल्या जुन्या मोबाइलवर रेकॉर्डिंग केलं.

पहिल्या दोन जोड्यांवर काका ढिम्म.

तिसरी लावली... आणि काकांनी मान वर केली.

"मंदा, पेपर काय वाचतेस? चहाचं बघ."

आत्या त्यांच्या मागे उभी होती. तिने पदर डोळ्यांना लावला. जोडी ठरली.

आता एक काम उरलं होतं. वर्षानुवर्षं पडून राहिलेला कोन कडक होतो. तो मोकळा करायला स्पीकर काही दिवस सतत वाजवत ठेवतात. शेजाऱ्यांची कटकट नको म्हणून दोन्ही स्पीकर तोंडाला तोंड लावून ठेवायचे आणि एकाच्या तारा उलट्या जोडायच्या. मग एकाचा कोन पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो. दोघं एकमेकांचा आवाज खाऊन टाकतात.

यासाठी लोक गाणी लावतात. सौमित्रने आळस केला. आत्याचं वाचन मोबाइलमध्ये होतंच, तेच पुन्हा पुन्हा वाजायला लावलं. वर गोधडी टाकली आणि कपाट लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी आत्याचा घसा बसला.

काढे झाले, गुळण्या झाल्या. डॉक्टरांनी घशात कॅमेरा घालून पाहिलं. घसा ठणठणीत. तरी आवाज रोज थोडा थोडा जात राहिला... आणि शेवटी ती बोलायला गेली की नुसती हवा यायची. कपाटाशी याचा संबंध कुणी जोडणार तरी कसा?

रविवारी दुपारी सौमित्रने कपाट उघडलं. मोबाइलचा चार्जर निसटून तो कधीच बंद पडला होता.

कोन मात्र थरथरत होते...

त्याने कान लावला. आत कुणीतरी हळू बोलत होतं. पेपरातलं नव्हे. त्याने तारा उपटल्या. बोलणं थांबलं नाही. घाबरून त्याने एक स्पीकर दुसऱ्यापासून बाजूला केला... आणि खोलीभर आत्याचा आवाज भरला.

"अहो, ऐकलंत का?"

"आलो गं!" बाहेरून काका म्हणाले.

आत्या दारातच उभी होती. गळ्यावर हात, तोंड उघडं, आणि आवाज नाही.

सौमित्रने कोन फाडायला स्क्रूड्रायव्हर उचलला. काकांनी स्पीकर हिसकावून पोटाशी धरला.

"हात लावशील तर बघ! किती दिवसांनी बोलतेय माझ्याशी."

सौमित्रने आईकडे पाहिलं. तिने मान हलवली. राहू दे. आपला आवाज गेला तो गेला, पण नवरा हसतोय, एवढंच तिने पाहिलं. मला आजही तिचा राग येतो, आणि रडूही येतं.

मग स्पीकर टीपॉयवर बसला. काका त्याच्याशी बोलायचे, आत्या शेजारी बसून स्वतःचाच आवाज ऐकायची. आधी जुन्या गप्पा, लग्नातल्या फजित्या. मग एक दिवस...

"पुरे झालं हो इथलं. चला, निघू या."

आत्याने काकांची बाही ओढली. नाही, नाही, अशी मान हलवली.

"अगं, तूच तर म्हणतेस," काका हसून म्हणाले.

दोन दिवसांनी सौमित्र कानाला हेडफोन लावून ऑफिसच्या मीटिंगमध्ये होता. काकांनी चपला घातल्या आणि जिना उतरले. आत्या मागे धावली. टाळ्या वाजवल्या, कठड्यावर हात आपटले. ती हाक मारू शकत नव्हती आणि काकांना ऐकू येत नव्हतं. ती फाटकापर्यंत पोचली तेव्हा रस्ता मोकळा होता.

पोलीस झाले, हॉस्पिटलं झाली. सोसायटीच्या कॅमेऱ्यात काका जाताना दिसतात... शेजारी मान वळवून कुणाशी तरी बोलत. शेजारी कुणी नाही. काका आजवर सापडलेले नाहीत.

स्पीकर त्याच दिवशी गप्प झाले. सौमित्रने दोन्ही फोडले. आणि संध्याकाळी दारात बसलेल्या आत्याच्या तोंडून स्वच्छ हाक आली, "अहो..."

मागच्या महिन्यात मी गेलो होतो. आत्या भरपूर बोलत होती. मला बरं वाटलं. मग नीट पाहिलं... ओठ आधी हलत होते. शब्द मागून येत होते.

"दिसलं ना तुला?" सौमित्र माझ्या कानाशी म्हणाला. "आधी एवढं नव्हतं. वाढतंय."

आत्याने चहाचा कप माझ्या हातात दिला आणि खुर्चीत बसली. तिचे ओठ हलून मिटले. ती शांतपणे माझ्याकडे पाहत होती.

मग आवाज आला.

"हे विचारत होते, तू कधी येतोस म्हणून."

मी चहा तसाच ठेवून उठलो. तिचा फोन अधूनमधून येतो. मी उचलत नाही.