उभा चमचा

मावशीच्या खानावळीत संध्याकाळची गिऱ्हाइकं यायला अजून अवकाश होता. उद्या काकांचं वर्षश्राद्ध, म्हणून मावशीने दानबीला नाशपाती आणायला पिटाळलं होतं. ती परत आली तेव्हा हाडांच्या रश्श्याचं पातेलं रटरटत होतं आणि खिडक्यांच्या काचांवर वाफ धरली होती.

"जेवलीस का गं?" कांद्याची पात चिरता चिरता मावशीने विचारलं.

"जेवले."

कोरियातल्या इंचॉन शहराच्या त्या गल्लीत कोणीही कोणाला भेटलं की हेच विचारतं, आणि उत्तरही हेच मिळतं. खरं कोण सांगत बसतंय? पंधरा वर्षांची दानबी तर त्या एका शब्दावर कित्येक महिने निभावून नेत होती. शाळेच्या नाचाच्या चमूत तिला पुढच्या रांगेत उभं राहायचं होतं आणि पुढच्या रांगेतली पोरगी कशी दिसायला हवी, हे तिला मोबाइलने शिकवलं होतं. हल्ली कंगव्यात केसांचे पुंजके यायचे, जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. तरी मोबाइलवर सगळे लिहायचे, अजून थोडी बारीक हो, अजून थोडी.

"थापा नको मारूस. हा भात वर घेऊन जा आणि वाडगा रिकामा करून आण," मावशी म्हणाली. "आरशात बघ जरा. झाडूला फ्रॉक घातल्यासारखी दिसतेस."

दानबी वाडगा घेऊन माडीवर गेली, पण जेवायला नव्हे. त्या हिवाळ्यात कुणा एका पोरीने मोबाइलवर एक खूळ काढलं होतं. वाफाळत्या भातात चमचा उभा रोवायचा, समोर बसायचं आणि घास घ्यायचा नाही. जिचा चमचा जास्त वेळ उभा, ती जिंकली. ते खूळ काढणाऱ्या पोरीचा चेहरा कोणी पाहिला नव्हता. दिसायचं ते फक्त वाळक्या काटकीसारखं मनगट आणि त्यावरचा लाल दोरा.

लहानपणी दानबीने असाच चमचा रोवला होता, तेव्हा मावशीने फाडकन हातावर मारलं होतं. "उभा चमचा मेलेल्यांच्या पानात असतो. जिवंत माणसाने रोवला, तर तिकडचं कोणीतरी ते आपलं पान समजून येऊन बसतं." पण आता देशभरच्या पोरी तेच करत होत्या, त्यांना कुठे काय झालं होतं?

तिने मोबाइल उभा केला, चमचा रोवला आणि मांडी घालून बसली. बाहेर अंधारून येत होतं. भाताची वाफ सरळ वर जात होती. मग ती हळूच पलीकडे वळली, समोर बसून कोणी हुंगत असावं तशी. खोलीतला रश्श्याचा वास एकदम नाहीसा झाला. मग तिला आवंढा गिळल्याचा आवाज आला. तो तिचा नव्हता.

तिने मोबाइलकडे पाहिलं. पडद्यावर वाडग्याच्या पलीकडे लाल दोऱ्याचं मनगट टेकलं होतं. बैठ्या मेजावर मात्र काहीच नव्हतं.

"जेवलीस... का?"

सवयीने तिच्या ओठांवर तोच शब्द आला होता. तो तिने गिळला, कारण तेवढ्यात तिला सगळं उमगलं. इतके महिने प्रत्येक वाडग्यासमोर ती 'जेवले' म्हणत आली होती आणि दर वेळी आपलं पान हिच्यापुढे सरकवत आली होती. आणि एवढं गिळूनही हिचं मनगट वाळकं ते वाळकंच. त्या मनगटाकडे बघता बघता दानबीचं डोकं तापलं.

"नाही जेवले," ती म्हणाली. "आज नाही, कालही नाही. सगळं तू गिळलंस."

"अजून... थोडी..."

"अजून काय थोडी? उरलंय काय माझं? भूक असेल तर उद्या काकांच्या पंगतीला बस, मावशी वाढेल तुला. हे पान माझं आहे. सरक."

चमचा चिखलातून निघावा तसा जड निघाला. पहिला घास ओल्या कागदासारखा लागला. ती रडत रडत खात राहिली. अर्धा वाडगा संपल्यावर जिभेला मिठाची चव लागली आणि मग ती शेवटच्या शितापर्यंत थांबली नाही. रिकामा वाडगा तिने खाली नेऊन मावशीच्या हातात दिला. दुसऱ्या दिवशी दानबीच्या सांगण्यावरून मावशीने काकांच्या पानाशेजारी एक वाडगा जास्तीचा मांडला.

श्राद्ध पार पडल्यावर सेबिन खानावळीत आली. चमूत ती पुढच्या रांगेत नाचायची. मावशी वाडगा ठेवून मागच्या अंगणात गेली, तोच सेबिनने भातात चमचा रोवला आणि मोबाइल काढला.

"काढ तो," दानबी म्हणाली.

"गप गं म्हातारे. मावशीची भाषा कधीपासून बोलायला लागलीस?"

सेबिनच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीतून हळूच आवाज आला, "जेवलीस... का?"

"जेवले, मावशी," सेबिन मान वर न करता म्हणाली.

मावशी अजून अंगणातच होती. दानबीने झेप घेऊन चमचा धरला. तो हलेना. भाताच्या आतून कोणीतरी तो घट्ट पकडला होता.

दानबीने बाह्या वर केल्या आणि दोन्ही हात लावले.

"सेबिन, म्हण... नाही जेवले म्हण."

सेबिनच्या तोंडून शब्द फुटेना. चमचा भातात आणखी खाली गेला. दानबीने खुर्चीला पाय रोवला आणि ओढायला सुरुवात केली.