बातमीतली दुरुस्ती

लाइट यायला वेळ आहे, तर बसा इथेच जिन्यात. मोबाईलचे दिवे तेवढे बंद करा, डोळ्यांत जातात. गोष्ट सांगा म्हणताय, पण ही गोष्ट नाही. माझ्या जिवाभावाच्या मित्रावर आलेला प्रसंग आहे. त्याने मला सांगितला तेव्हा त्याच्या हातातला चहा गार झाला होता, आणि त्याला ते कळलंही नव्हतं.

त्याला सगळे 'आवाज'च म्हणायचे. शहराच्या रेडिओवर रात्री नऊच्या बातम्या तो वाचायचा. चेहरा कोणाला ठाऊक नव्हता, पण रिक्षात बसून पत्ता सांगितला की रिक्षावाला मागे वळून बघायचा. वहिनी म्हणायच्या, "हे भांडतातसुद्धा ठळक बातम्या दिल्यासारखे."

जुनं पोस्ट तुम्ही पाहिलेलं नाही. तुमची ताई नोकरीला जाते ना, तो काचेचा टॉवर, तिथेच होतं. दगडी इमारत, वर मोठं घड्याळ. ते कायम मागे पडलेलं असायचं, आणि गावही त्याच्याबरोबर निवांत मागे राहायचं. पत्ता विचारला की सांगायचं, "पोस्टाच्या पुढे डावीकडे." अजून तसंच सांगतात. पोस्ट गेलं, डावीकडे तेवढं राहिलं.

पाडायचं ठरलं तेव्हा पेपरात वाचकांची पत्रं आली. मग त्याच पेपरात टॉवरची पानभर जाहिरात आली, आणि पत्रं बंद झाली. डिसेंबरातल्या एका संध्याकाळी मशीन लागलं. त्या रात्री आवाजच्या हातात जो कागद आला, तो टॉवरवाल्या कंपनीनेच लिहून पाठवला होता. 'इमारत पूर्णपणे रिकामी होती. आत कोणीही नव्हतं.'

वाचायच्या आधी त्याने संपादकांना विचारलं होतं, "आपण खात्री केलीय का?"

"त्यांनी केलीय. वाच तू."

त्याने वाचलं.

आता ऐका. जानेवारीतला शेवटचा शनिवार. रात्रीचे साडेअकरा वाजून गेलेले. आवाजच्या आईचा खोकला थांबेना, म्हणून तो औषध आणायला बाहेर पडला. रात्रभर उघडं असणारं दुकान जुन्या पोस्टाच्या पलीकडे. चालत जाण्यासारखं. थंडी होती, मफलर गुंडाळला, गेला, बाटली घेतली, परत निघाला.

पोस्टाच्या जागेला रस्त्याच्या बाजूने उंच पत्रे ठोकले होते. त्यांवर टॉवरची रंगीत चित्रं. तळ्याकाठी हसणारं कुटुंब, सायकलवरची मुलगी, असलं सगळं. पत्र्यांना लागून फुटपाथ. आवाजने चालता चालता घरी फोन लावला. "औषध मिळालं. येतोच."

फोन खिशात ठेवला, तेवढ्यात पत्र्याच्या आतून कोणीतरी विचारलं, "बातम्यांचे ना तुम्ही?"

आवाजला हसू आलं. पुन्हा ओळखलं म्हणायचं. "हो. तुम्ही वॉचमन का?"

"नाही हो. मी इथलाच."

म्हाताऱ्या माणसाचा गोड, मवाळ आवाज. आपला मित्र चालत राहिला. आतला माणूसही सोबत चालत होता, कारण त्याचं बोलणं मागे पडत नव्हतं.

"रोज ऐकायचो तुम्हाला. ऐकूनच झोपायचो."

"आता ऐकत नाही वाटतं?"

"सेल संपले."

आवाज मनापासून हसला. आतला माणूस हसला नाही.

"एक काम होतं," तो म्हणाला. "बातमीत एक दुरुस्ती होती."

"मग सोमवारी ऑफिसात या की. मी असतो दुपारनंतर."

"येता येत नाही."

चित्रातलं हसणारं कुटुंब संपलं. सायकलवरची मुलगी आली. रस्त्यावर दुसरं कोणी नव्हतं.

"कुठली बातमी?"

"पोस्टाची. आत कोणी नव्हतं म्हणालात."

आवाजचं चालणं हळू झालं.

"मी ऐकत होतो. आतच. पाय अडकले होते, पण रेडिओ हाताशी होता. म्हटलं, नऊ वाजले की बातमीत येईल. मग येतील कोणीतरी…"

आवाजचे पाय थांबले. आतला माणूसही थांबला असावा.

"तुम्ही म्हणालात, कोणी नव्हतं." मग अगदी हळू… "तुमच्यावर भरवसा हो. मलाही घटकाभर खरंच वाटलं."

पळावं असं वाटत होतं त्याला. घर समोर, दोन गल्ल्या सोडून. पण पाठ फिरवली तर हा माणूस पुन्हा एकटा पडेल… हेही वाटत होतं. हे त्याने मला सांगितलं तेव्हा माझ्या नजरेला नजर दिली नाही.

तो पत्र्याकडे वळला.

शेवटी म्हणाला, "वाचतो. उद्या, नऊला."

त्याने पत्र्याला कान लावला.

"ऐकलंत का?"

काही नाही. वारासुद्धा नाही.

घरी गेला. आईला औषध दिलं. रात्रभर तिच्या उशाशी बसून राहिला. वहिनींना वाटलं, केवढी काळजी आईची.

दुसऱ्या दिवशी नऊच्या बातम्यांत हवामान वाचून झालं आणि तो थांबला. हातातला कागद बाजूला ठेवला. म्हणाला, "जुन्या पोस्टाची इमारत पाडली तेव्हा ती रिकामी असल्याचं मी आपल्याला सांगितलं होतं. ती बातमी आम्ही तपासली नव्हती. आत एक माणूस होता. त्याला शोधावं." काचेपलीकडे संपादक दोन्ही हातांनी बंद कर, बंद कर म्हणून सांगत होते. त्याने 'नमस्कार' म्हटलं आणि माईक सोडला. बाहेर येईपर्यंत नोकरी गेली होती.

"पण काका, त्याला कोणी वेड्यात नाही काढलं?"

काढलं ना. पण शहराने त्याच्या तोंडून इतकी वर्षं ऐकलं होतं. माणसं जमली. आधी दहा-बारा, मग रस्ता अडेल इतकी. कंपनीचे साहेब गाडीतून उतरेनात. शेवटी अग्निशमनवाल्यांना आत सोडावं लागलं.

पहाटे सापडला. मागच्या कोपऱ्यात तळघर होतं, तिथे अजून खोदाई पोहोचली नव्हती. पोस्टात टपाल वेगळं करणारा, निवृत्त झालेला, मागेपुढे कोणी नसलेला. पोस्टातच त्याची राहायची खोली होती, ती रिकामी करायला लावली तेव्हा गेला होता म्हणे. दुसरीकडे झोप येईना म्हणून गुपचूप परतला होता. कानाशी ट्रान्झिस्टर. शेजारी पाण्याची बाटली, पूर्ण रिकामी, झाकण घट्ट लावलेलं. अग्निशमनचे अधिकारी आवाजला बाजूला घेऊन म्हणाले, "लगेच नाही गेले ते."

मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला कोणी सांगितलं?"

आवाजने सगळं सांगितलं. कुठे फोन लावला, कुठून कुठपर्यंत तो सोबत चालला.

अधिकाऱ्यांनी टॉर्च घेतला, त्याला फाटकातून आत नेलं. रस्त्याच्या बाजूची सगळी खोदाई झालेली. पत्र्यांच्या पायापासून सरळ खाली… काळोख. टॉवरच्या तळमजल्याखालच्या पार्किंगचा खड्डा तो. कडेला पाऊल ठेवायला जागा नाही.

"इथून मांजरही चालू शकत नाही," अधिकारी म्हणाले.

आणि त्यांनी टॉर्च वर केला. पत्र्यांच्या आतल्या बाजूवर.

पत्र्यांवर धूळ बसली होती. त्या धुळीत, खांद्याच्या उंचीवर, पाच बोटांची रेघ. आंधळा माणूस भिंतीला धरून चालतो, तशी. या पत्र्यावरून त्या पत्र्यावर… सरळ… न तुटता…

आवाजने 'वाचतो' म्हटलं, तिथे रेघ थांबली होती.

तिथे अख्खा पंजा उमटला होता. बाहेर उभ्या माणसाच्या दिशेने टेकवलेला असावा, तसा.