डेमलरची नळी

बसा केदारराव. सलील आत आहे, हळू बोलू. तुम्ही बँकेच्या बदलीवर नवीन आलात, माझी गाडी बघायची म्हणालात, म्हणून आधी हे सांगतो.

रेल्वेतून निवृत्त झालो तेव्हा बायको, शकुन, म्हणाली, आता एक तरी हौस कर. मग अलिपूरच्या एका बंद घरातून ही अडतीस सालची डेमलर उचलली आणि गार्डन रीचला शेडमध्ये आणून ठेवली. लाकडी सांगाडा वाळवीने खाल्लेला, वायरी उंदरांनी. एक वस्तू मात्र शाबूत होती. मागे बसलेल्या मालकाने मधल्या काचेआडून ड्रायव्हरला हुकूम द्यायची पितळी नळी. मी पुढे डोकं घालून बसलो की शकुन मागे बसून नळीतून म्हणायची, "ड्रायव्हर, चहा." गाडी सुरू झाली की पहिली फेरी तिची, असं ठरलं होतं.

तीन वर्षांपूर्वी ती गेली. मुलगा, सलील, बंगळुरूहून वेळेत पोचला नाही. मी त्याचं नाव टाकलं. शेडमध्ये तर ते कधी तोंडातून काढलंच नाही.

मेकॅनिक निताईदा बंगाली, त्याच्याशी हिंदीत निभायचं. मराठी बोलायला घरात-दारात कोणी नाही, म्हणून रिकाम्या मागच्या सीटशी बोलायचो. "झालंच, एवढा एक नट." "पाय फार दुखतात बुवा." "काल भात जास्त झाला." रोज, येड्यासारखं.

या सप्टेंबरात विश्वकर्मा पूजेला निताईदाने हत्यारांना फुलं वाहिली आणि जाताना बजावलं, "दादा, आज औजार को हाथ मत लगाना."

मी हो म्हटलं. मनात म्हटलं, आपली हत्यारं पुजायची ती खंडेनवमीला, आजचा दिवस का फुकट घालवा? भर दुपार होती. आभाळात पतंग, लांब कुठे लाउडस्पीकर, शेडमध्ये मी एकटा. फुलं बाजूला सारून पाना उचलला आणि नळीचा सैल जोड आवळला.

"झालंच... एवढा एक नट."

नळीतून. बाईचा आवाज, शकुनचा म्हणावा असा. वळून पाहिलं तर सीट रिकामी, नव्या चामड्याचा वास तेवढा. खरं सांगू? भीती नाही वाटली. तीन वर्षांनी माझ्याशी कोणी मराठीत बोललं होतं. मी रडलो.

मग रोज जायला लागलो. हळूहळू ध्यानात आलं, त्या आवाजाकडे फक्त माझीच वाक्यं होती. "ड्रायव्हर, चहा" एकदाही नाही. ही शकुन नव्हे, हे कळलं. कळूनही जात राहिलो.

एके दिवशी माझं नसलेलं वाक्य आलं. "पहिल्या फेरीला... मागे कोण बसणार?"

तेव्हा गप्प बसायला हवं होतं. पण त्याच सकाळी सलीलचा फोन आला होता, दसऱ्याला येतो म्हणून. ऊर भरून आला होता. मी नळीला तोंड लावून म्हटलं, "सलील."

त्यानंतर नळी मुकी झाली.

सलील खंडेनवमीला आला, चार दिवसांसाठी. इथेच वाढलेला, त्याचं मराठी म्हणजे "बाबा, मी गाडीमध्ये बैठतो" असलं. तोवर गाडी सुरू झाली होती. पहिल्या फेरीला निघताना म्हटलं, पुढे बस माझ्याजवळ. तर म्हणाला, आई पिछे बसायची ना, आणि मागे शिरला. दार लागलं. आम्ही फोर्ट विल्यमपर्यंत जाऊन आलो. सबंध रस्ताभर आरशात तो नळी कानाला लावून बसलेला दिसत होता. मान डोलावत होता. मी पुढे काही बोलत नव्हतो.

त्याला आता महिना झाला. परत जायचं नाव काढत नाही. कंपनीचे फोन येतात, उचलत नाही. माझ्यापाशी बसून तासन्‌तास बोलतो मात्र, स्वच्छ मराठीत. हेच तर हवं होतं मला, नाही का?

परवा जेवताना म्हणाला, "काल भात जास्त झाला." आदल्या दिवशी आम्ही भात केलाच नव्हता.

आणि आज सकाळपासून एकच विचारतोय... पुढच्या फेरीला मागे कोण बसणार. मी तोंड उघडलेलं नाही. तुमचं नाव नाही घेतलं, तुम्ही येणार हेही सांगितलं नाही.

तरी आत बघा केदारराव. जेवायला तीन पानं घेतलीत त्याने.