लाल झेंडा खाली आला नाही

"त्या काठीला टेकू नकोस, पडेल," मार्वा म्हणाली.

आडवी पावलं टाकत चढ चढणारा तो उंच मुलगा थबकला. "टेकत नाहीये. दम खातोय."

"मग तिकडे जाऊन खा."

तो हाल्वोर. नॉर्वेहून शिकायला आलेला, तिच्याच कॉलेजच्या संघातला सगळ्यात वेगवान गडी. मार्वा त्याला चांगली ओळखत होती. त्यानं मात्र तिला आज पहिल्यांदाच पाहिलं होतं.

अमेरिकेतल्या कॉलेजांची ही राष्ट्रीय स्की स्पर्धा सुरू होऊन दुसरंच वर्ष. पंच कमी पडले की मिळेल त्याच्या हाती लाल झेंडा यायचा. मार्वा कोलोरॅडोच्या खाणगावातली, चालायला लागली तशी स्कीवर उभी राहिलेली. पण संघ फक्त मुलांचा... म्हणून ती अशी उतारावर, स्पर्धक दोन काठ्यांच्या गेटमधून गेला की नाही एवढंच बघत, चुकला तर झेंडा वर करायला.

"उभं राहून थंडी नाही वाजत?"

"वाजते. उतरू दिलं असतं तर वाजली नसती."

त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं. "माझ्यापेक्षा जोरात उतरशील?"

"तुला कळणार कसं? तू मागे राहिलेला असशील."

त्याच्या भुवयांवर बर्फाचे कण चिकटले होते. तो हसला तेव्हा ते पापण्यांवर ओघळले... आणि मार्वानं उगाचच मान वळवली.

दुपारी तो आला तो वाऱ्यासारखा. कमरेतून लवत, काठ्यांना खांदा घासत. पण तिच्या गेटपाशी त्याची डावी स्की काठीच्या बाहेरून गेली. निसटतीच. दुसऱ्या कुणालाही दिसली नसेल.

मार्वाचा हात क्षणभर जड झाला. मग तिनं झेंडा वर केला.

कोच केसलर धापा टाकत आले, मागोमाग मुख्य पंच. "पोरी, तुला नीट दिसलं नसेल. ऊन डोळ्यांवर होतं."

"ऊन पाठीवर होतं, सर."

"करंडक जाईल. आपला करंडक, कळतंय का?"

"कळतंय. पण गेट चुकलंय."

"मुलींना इथे उभं केलं हेच चुकलं."

"मग शर्यतीत उतरवा. मी काय हौसेनं उभी आहे?"

मुख्य पंचांनी हाल्वोरला बोलावलं. सगळा संघ त्याच्या तोंडाकडे बघत होता. त्यानं हातमोजे सावकाश काढले.

"ती म्हणते ते खरं आहे. मी बाहेरून गेलो."

करंडक दुसऱ्या कॉलेजनं नेला. संध्याकाळी मार्वा बसपाशी गेली, तर तिच्या जागेवर कुणीतरी मुद्दाम सामानाच्या पिशव्या रचून ठेवल्या होत्या.

"जागा नाही," आतून एकजण म्हणाला. "पंचबाईंनी चालत यावं."

कोच खिडकीबाहेर बघत राहिले. मार्वा वळली. आगगाडीचं स्टेशन खाली दरीत होतं आणि तिकडे जाणारा खाणीचा जुना रस्ता बर्फानं भरला होता. ती स्की बांधत होती, तेवढ्यात शेजारी आणखी एक जोडी बर्फावर आदळली.

"तुला कुणी उतरवलं?" तिनं मान वर न करता विचारलं.

"कुणी नाही. माझं मी उतरलो."

"हे बघ, माझ्यावर उपकार म्हणून खरं बोलला असशील, तर परत जाऊन बस. मला नकोत."

"गेट चुकलं म्हणून बोललो," हाल्वोर शांतपणे म्हणाला. "तू तिथे नसतीस तरी बोललो असतो... प्रेमाचं वेगळं आहे. ते वेगळं सांगणार होतो."

मार्वाची बोटं पट्ट्यावरच थांबली. बस घरघरत निघून गेली. काळ्या धुराचा वास मागे राहिला, मग तोही विरला.

"सकाळी ओळख झाली, संध्याकाळी प्रेम?"

"मला आधी कुणी तिकडे जाऊन दम खा म्हणालं नव्हतं."

तिला हसू आवरलं नाही. "पुढच्या वर्षी मी शर्यतीत नाव देणार आहे. घेणार नाहीत. तरी देणार. त्याच्याही पुढच्या वर्षी देणार. तेव्हा सगळे मला वेडी म्हणतील, आणि माझ्याबरोबर असशील तर तुलाही."

"आजच म्हणतायत," तो म्हणाला.

तिनं आपला हातमोजा काढला, त्याचाही काढला, आणि त्याचा गार पडलेला हात घट्ट धरला. खाली दरीतल्या गावातले दिवे लागेपर्यंत दोघं तिथून हलली नाहीत.