दोनदा दाबलेला हात

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात. ही भर दुपारची आहे.

मी शाळेत गणित शिकवते. भूतबित असलं काही मी कधी मानलं नाही. विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, पण यात मी पदरचा एक शब्दही घातलेला नाही.

माझ्या धाकट्या बहिणीला घरात सगळे चिमणी म्हणतात. नोकरीला लागली तरी चिमणीच. तिला कॉस्प्लेचं भारी वेड. म्हणजे गेममधल्या नाहीतर कॉमिक्समधल्या पात्राचा हुबेहूब वेश करायचा आणि चाहत्यांच्या मेळाव्यात मिरवायचं. मागच्या वर्षी तिने एका गेममधला पहारेकरी करायला घेतला. काळ्या चिलखतातला, मुका, तोंडच नसलेला. घरभर फोमचे तुकडे आणि गरम गोंदाचा वास. एवढी अभ्यासाला जागली असतीस तर आज आम्ही तुझ्या गाडीतून फिरलो असतो, असं आई रोज ऐकवायची.

चिलखत झकास झालं. भानगड एकच होती. समोर फट दिसू नये म्हणून हेल्मेटच्या खिट्ट्या तिने मागे बसवल्या होत्या, आणि हातात फोमचे जाड पंजे. तिचं हेल्मेट तिला स्वतःला काढता येत नव्हतं. आत हवेसाठी बॅटरीवरचा एक छोटा पंखा होता.

आणि चिमणीला दमा आहे.

म्हणून मी सोबत गेले. अशा वेशात धड दिसत नाही, धड ऐकू येत नाही. हात धरायला कुणीतरी लागतंच. आमची खूण ठरली होती. हात दोनदा दाबला, म्हणजे ठीक आहे. एकदाच दाबून धरला, म्हणजे काढ. तिचा दम्याचा पंप माझ्या पर्समध्ये होता. निघताना आईने मला बाजूला घेतलं.

"तिचा हात सोडू नकोस," एवढंच म्हणाली.

मी सोडला.

फोटोसाठी. एकाच पात्राचा वेश केलेल्या सगळ्यांचा एकत्र फोटो काढायची तिथे रीत असते. सगळे पहारेकरी स्टेजसमोर रांगेत उभे राहिले. फोटोग्राफरने सोबतच्या लोकांना बाजूला व्हायला सांगितलं. मी मागे सरकले. फ्लॅश उडाला, आणि मी लगेच पुढे होऊन तिचा हात धरला.

तीच उंची. डाव्या खांद्यावर तोच ओरखडा, जो तिने मुद्दाम रंगवला होता.

हात दोनदा दबला. ठीक आहे.

तिला पाणी पाजायचं होतं, म्हणून मी तिला गर्दीतून कपडे बदलायच्या खोलीकडे नेलं. वाटेत मी तिचा हात दाबून बघत होते. दरवेळी उत्तर आलं. दोनदा. लगेच.

जरा जास्तच लगेच...

खोलीत कुणी नव्हतं. दार लागलं, बाहेरचा गोंगाट बंद झाला. आणि तेव्हा मला जाणवलं...

पंखा वाजत नव्हता.

त्याची घरघर घरी ऐकून ऐकून माझे कान किटले होते. आता काहीच नाही. पंखा नाही. श्वासही नाही.

"चिमणे?"

हात दोनदा दबला.

मी मागे जाऊन एका हाताने खिट्ट्या काढल्या. हेल्मेट उचललं...

आत डोकं नव्हतं.

नुसता अंधार, आणि बंद कपाटासारखा कोंदट वास. हेल्मेटच्या आतल्या बाजूला, तोंड येतं तिथे, फोम नखांनी ओरबाडलेला होता.

माझा दुसरा हात अजून त्या पंजातच होता. तो पुन्हा दोनदा दबला.

मी हात कसा सोडवला, आठवत नाही. डोक्यात एकच होतं. ही चिमणी नाही, तर मग चिमणी कुठे आहे?

मी धावत सुटले. ज्याला त्याला विचारलं, काळा पहारेकरी पाहिलात का? लोक हसून चारी दिशांना बोटं दाखवायचे. एकाला मी मागून धरून त्याचं हेल्मेटच उघडलं. आतला दाढीवाला माझ्यावर भडकला. मला रडू फुटलं होतं आणि रडायला वेळ नव्हता.

मग स्टेजकडून टाळ्या ऐकू आल्या...

गोल करून माणसं उभी होती, सगळ्यांचे मोबाईल वर. मध्ये एक पहारेकरी गुडघ्यांवर. एका पंजाने स्वतःच्या हेल्मेटवर ठोसे मारत होता. दुसरा हात बाजूला, वर ताणलेला.

"काय मरतोय यार, जबरदस्त," कुणीतरी म्हणालं.

हे नाटक नाही, तिला दमा आहे, मी जीव तोडून ओरडले. त्यांना वाटलं मीही नाटकातलीच. एकाने तर मला कॅमेऱ्यासमोरून बाजूला व्हायला सांगितलं. मी माणसं ढकलत आत घुसले. एक खिट्टी अडकली. माझं नख उलटलं तरी मी ओढत राहिले. आयुष्यात देवाला कधी काही मागितलं नव्हतं, तेव्हा मागितलं. हिला श्वास दे, बाकी काय हवं ते घे.

हेल्मेट निघालं. ओठ निळे पडले होते. पंखा बंद होता. मी पंप तिच्या तोंडाला लावला. काही नाही. पुन्हा लावला...

छाती हलली.

चिमणी वाचली. संध्याकाळी दवाखान्यात तिला बोलता यायला लागलं, तेव्हा तिने पहिलं हेच विचारलं. चिडूनही नाही. तेच मला जास्त लागलं.

"ताई, तू काढलं का नाहीस? मी किती वेळ हात दाबून धरला होता."

"मी तिथे नव्हते गं."

"होतीस की. हात सोडलाच नाहीस. मी दाबून धरायचे आणि तू आपली दोनदा दाबायचीस. ठीक आहे, ठीक आहे... मला हलूही देत नव्हतीस."

मेळाव्याच्या स्वयंसेवकांनी नंतर ती कपडे बदलायची खोली पाहिली. तिथे ना चिलखत होतं, ना हेल्मेट.

लोकांनी काढलेला एक व्हिडिओ मी पाहिलाय. तिचा वर ताणलेला हात त्यात दिसतो. शेजारी कुणीच नाही. पण नीट बघितलं तर पंजाचा फोम आपोआप आत दबतो. दोनदा. थोडं थांबून, पुन्हा दोनदा.

आईला यातलं काही सांगितलेलं नाही. रस्ता ओलांडताना चिमणी अजून माझा हात धरते. मी आधी तिच्या तोंडाकडे बघते, मग तिला काहीतरी बोलायला लावते. ती हसते, पण बोलते.

इथपर्यंत मी कसंबसं निभावून नेलं होतं. पण परवा वर्गात फळ्यावर गणित सोडवत होते. डावा हात मोकळा होता...

कुणीतरी तो धरला.

या वेळी दोनदा नाही. एकदाच, घट्ट दाबून धरला.

त्याचा अर्थ मला माहीत आहे. काढ.

पण त्याचं हेल्मेट तर मी त्याच दिवशी, त्या खोलीत काढलं होतं. आता आणखी काय काढू?