थांबलेली थाळी

सदाशिवने प्रभुभोजनाच्या भाकरीची थाळी पुढे केली आणि जनार्दनरावांनी हात मागे घेतला…

जयपूरच्या बनी पार्कातल्या सदाशिवच्या घरी जमलेल्या मराठी ख्रिस्ती मंडळींच्या नजरा दोघांकडे वळल्या. एकाने जरी भाकर नाकारली, तरी थाळी मेजावर ठेवायची आणि समेट होईपर्यंत सगळ्यांनी थांबायचं, ही त्यांची रीत. सदाशिवने थाळी ठेवली.

"बहीण तीन आठवडे दवाखान्यात पडून होती, दाजी! मला का नाही कळवलं? तिचं तोंडसुद्धा दिसलं नाही मला!" जनार्दनराव म्हणाले.

सदाशिवला दोन वर्षांपूर्वीचा बायकोचा, गिरिजाचा तापलेला हात आठवला. नगरला जनार्दनरावांच्या लेकीचं, जयंतीचं लग्न तोंडावर आलं होतं. "पोरीची पाठवणी होईस्तोवर दादाला कळवू नका हो… लग्न थांबवतील ते!" तिने शपथ घातली होती. लग्नानंतर लगेच सदाशिवने तार केली. पण गिरिजा त्याच रात्री गेली, आणि मे महिन्याच्या उन्हात दादा पोचेपर्यंत माती द्यायचं थांबवता आलं नाही.

सगळं ओठांवर आलं… पण समोर जयंती बसली होती. नवऱ्याची बदली जयपूरच्या छावणीत झालेली, मांडीवर आज बाप्तिस्मा झालेलं लेकरू; त्यासाठीच जनार्दनराव नगरहून आलेले. आपल्या लग्नापायी आत्या भावाला न भेटता गेली, हे ओझं ती जन्मभर वाहील!

"माझं चुकलं, दादा," तो म्हणाला. "वाटलं, बरी होईल."

शेवटी स्वयंपाक सांभाळणाऱ्या इंदुबाई म्हणाल्या, "बसू की आपण. पण कढी आटली तर मला बोलायचं नाही!"

चर्चचे पाळकसाहेबसुद्धा हसले. जनार्दनराव हसले नाहीत. ते उठून सदाशिवपुढे आले.

"मला हे पटत नाही, दाजी. कधी पटणारही नाही! पण पटल्यावरच माफ करायचं, तर या मेजाशी आपण बसायचं कशाला?" त्यांनी मेजावरची थाळी उचलली. "माफ केलं तुम्हाला."

न केलेल्या चुकीची क्षमा! तरी ती अगदी खरी वाटली, याचं सदाशिवला नवल वाटलं. जनार्दनरावांनी मोडून दिलेला तुकडा त्याने दोन्ही हातांनी घेतला आणि दोन वर्षांत पहिल्यांदा त्याला घरात बरं वाटलं.

जेवणं उरकल्यावर जनार्दनराव ओट्यावर त्याच्याशेजारी येऊन बसले.

"कुठे ठेवलीय गिरिजाला?"

"कबरस्तान जवळच आहे, दादा. चालत जाऊ."

"चला," म्हणत जनार्दनरावांनी चपला पायात सरकवल्या.