वरून आलेला दोर

मुनीर, तो मोबाईल खाली ठेव. ऐकायचं तर नीट ऐक, नाहीतर गच्चीवरून खाली जाऊन झोप. ही गोष्ट कुठे वाचलेली नाही. आपला जयगडचा गुलजार, इथेच मस्कतात, मवालेहला माझ्या वरच्या मजल्यावर राहायचा, त्याच्यावर गुदरलेली आहे.

२०१७चा फेब्रुवारी, जुम्मेरातची रात्र. बिदियाच्या वाळवंटात गरम हवेच्या फुग्यांचा मेळा होता. गुलजारचा अर्बाब, म्हणजे त्याचा मालक, म्हणाला, "कॅराव्हॅन आजच नेऊन लाव, मी सकाळी येतो. फॅमिलीलाही ने, मुलगी फुगे बघेल." ती गाडी म्हणजे चाकांवरचं घरच. पलंग, शेगडी, मोरी, सगळं आत. गुलजारची बायको शहनाज हरखून गेली. सहा वर्षांच्या उमामाने तर वाटभर "बलून कधी उडणार?" करून बापाचं डोकं खाल्लं.

मैदानात जागा नव्हती, म्हणून त्याने गाडी जरा लांब, वाळूच्या टेकाडाआड लावली. जेवणं झाली, मायलेकी आत झोपल्या. हा बाहेर सिगारेट ओढत बसला. बारा वाजून गेले असतील.

अचानक डोक्यावरच्या चांदण्या दिसेनाशा झाल्या. बघतो तर फुगा. भला मोठा, काळा, पार खाली आलेला. आता फुगा वर राहायचा तर खालून आग फुंकावी लागते, तिचा फर्र आवाज होतो. याला आग नव्हती. आवाजही नव्हता.

टोपलीतून कोणीतरी ओरडलं, "धर रे!" आणि दोर खाली आला.

हसतोस काय? "धरला कशाला" म्हणे! तुझा जन्म मस्कतचा, तुला काय कळणार. आमच्या जयगडच्या धक्क्यावर कोणाचीही होडी येवो, दोर आला की जो उभा असेल त्याने धरायचा आणि खुंट्याला बांधायचा. विचारत बसायचं नसतं. हात आपोआप जातो. गुलजारने दोर धरला, गाडीच्या मागच्या हुकाला दोन वेढे दिले आणि गाठ मारली.

मग त्याच्या लक्षात आलं. फुगेवाले तर सगळे गोरे. मराठीत कोण ओरडलं?

"कोण आहे?"

...

दोर ताणला. गाडी करकरली. मागची चाकं सुटली. मग पुढची.

तो गाठीवर तुटून पडला. नखं उलटली. गाठ ओलीचिंब. सुटेना.

"शहनाज! ऊठ! उमामाला घेऊन उडी मार!"

आतून... काही नाही.

हुकाला लोंबकळला. हात निसटले. वाळूत पडला.

वर गाडीचा तळ. लहान होत चाललेला. आत बायको. आत पोर. काय करणार होता तो? सांग ना. मला अजून सुचत नाही. कुराणातल्या आठवतील त्या आयती म्हटल्या बिचाऱ्याने, त्याही चुकल्या. शेवटी बघवेना... तोंड वाळूत खुपसलं.

मान वर केली तेव्हा उजाडत होतं. गाडी समोर उभी. दोर नाही. दारात शहनाज चहा गाळत होती.

"रातभर बाहेरच होतात? मला बाई मेल्यासारखी झोप लागली."

तो वाळू झटकत उठला. स्वप्नच असेल, अशी मनाची समजूत घालत होता. तेवढ्यात उमामा डोळे चोळत आईच्या मागून आली. रुसलेली.

"अब्बा, मी वरून किती बाय केला... तुम्ही बघितलंच नाही."